टीएलडी गोळी: नियमित वापरानंतरचा अभिप्राय

शासकीय एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रातून मोफत मिळणारी टीएलडी ही एचआयव्हीवरील गोळी मी नियमित घेतो आणि तिच्याबद्दल मनापासून समाधानी आहे. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम व डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधे एकत्र असलेली ही गोळी दिवसातून एकदाच, जेवणाआधी वा जेवणानंतर घेता येते.

तिचे खरे मोल विषाणूची चाल समजल्यावर कळते. डेन्ड्रिटिक पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. पण विषाणूला पकडल्यावर त्याचा नायनाट करण्याऐवजी त्या अनेकदा त्याला लसिका ग्रंथींपर्यंत वाहून नेतात आणि तेथील सीडी४ पेशींच्या, म्हणजे एचआयव्ही ज्यांना लक्ष्य करतो त्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींच्या, हवाली करतात. बाधित सीडी४ पेशीही शेजारच्या पेशीला बिलगून विषाणू थेट तिच्याकडे सोपवते. टीएलडी हा पेशींचा प्रवास थांबवत नाही. मात्र विषाणूच्या आरएनएपासून (त्याच्या जनुकीय आराखड्यापासून) डीएनए तयार होणे पहिली दोन औषधे रोखतात, तर तो डीएनए पेशीच्या जनुकसंचात जोडला जाणे डोल्युटेग्राविर रोखते. ज्यांच्यात विषाणू निद्रिस्त असतो अशा सुप्त बाधित पेशी तरीही उरतात, म्हणूनच गोळी सोडली की विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

सुरुवातीला झोप उडाली होती. समुपदेशकांच्या सल्ल्याने सकाळची वेळ धरल्यावर तो त्रास थांबला. तक्रार एकच आहे: आम्लपित्तावरील अँटासिड घ्यायचे असल्यास ही गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी लागते, हे केंद्रावर मला कोणी आपणहून सांगितले नाही.