निळ्या प्रकाशाचा चष्मा की मोबाइलमधली सेटिंग?

दारव्ह्याकडे सेतू केंद्रात दिवसभर पीकविम्याचे फॉर्म भरणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामाजी, आठवडा झाला, डावा डोळा लवून राहिला. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ, का मोबाइलमधलं स्क्रीन पिवळसर करणारं नाइट लाइट लावलं तरी चालते?"

खर्चाचं उघड आहे: सेटिंग फुकट, चष्म्याला शेकड्यांनी रुपये. शिवाय आपल्याकडच्या धुळीत काचेवर ओरखडे पडतातच.

उपयोगाचं मात्र नीट समजून घे. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणारी संस्था; तिच्या २०२३ च्या आढाव्यात अशा चष्म्यानं डोळ्यांचा थकवा साध्या काचेपेक्षा कमी होतो, असं दिसलं नाही. स्क्रीनचा निळा प्रकाश उन्हापुढे अगदीच किरकोळ. डोळे थकतात ते बरेचदा पापण्यांची उघडझाप कमी झाल्यानं. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास, स्क्रीनपुढे जवळपास निम्मी. त्यात कूलरचा झोत थेट तोंडावर! सेटिंगनंही हे थांबत नाही, रात्री स्क्रीन डोळ्यांना जरा सौम्य वाटते, एवढंच. आणि पापणी लवते ती बहुधा जागरण, ताण आणि चहानं. तुझे किती कप होतात रे?

रात्री अंथरुणात मोबाइल पाहणाऱ्यानं सेटिंग लावावी. अक्षरं पुसट दिसत असतील, तर डोळे तपासून नंबरचाच चष्मा घ्यावा. तू निळ्या काचेवर पैसे घालू नको. दर २० मिनिटांनी २० सेकंद बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहा, कूलर वळव, लवकर झोप. दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, डोळा पूर्ण मिटू लागला किंवा गालही ओढू लागला, तर सरळ डॉक्टरांकडे जा.