गिट-बग वापरून झाल्यावर: बाकी ठीक, पण फोनवर बग नंबर सांगायचा कसा?

गिट-बग म्हणजे बगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या नोंदी गिटमध्येच (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ठेवणारा ट्रॅकर. मागच्या आठवड्यात अमळनेरच्या जोडीदाराच्या लॅपटॉपची एसएसडी गेली. मे महिना आणि पत्र्याखालचं ऑफिस, जायचीच होती. नवीन डिस्क टाकून त्याने रेपो (कोडचा गिटमधला साठा) क्लोन केली, म्हणजे पुन्हा उतरवून घेतली आणि मला फोन: "भो, कोड ऊना, बग कथा गयात?"

गेले कुठेच नव्हते. गिट-बग नोंदींच्या फायली करत नाही. 'रेफ्स/बग्ज'खाली गिटच्याच ऑब्जेक्टमध्ये (अंतर्गत साठ्यात) त्या ठेवतं, आणि साधा क्लोन फक्त ब्रँच (कोडच्या समांतर वाटा) आणि टॅग (आवृत्त्यांच्या खुणा) आणतो. 'गिट बग पुल' मारल्यावर बग आले. अर्थात त्याने 'गिट बग पुश' करून सामाईक रेपोत पाठवले होते तेवढेच. नुसत्या 'गिट पुश'ने बग वर जात नाहीत. शेवटच्या काही नोंदी डिस्कबरोबरच गेल्या. आता दोन्ही पुश एका स्क्रिप्टमध्ये बांधलेत.

आमचं काम आडत्यांच्या हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर. आधीचा ट्रॅकर माणशी दरमहा डॉलरमध्ये पैसे घ्यायचा आणि नेट गेलं की नुसतं गोल फिरत बसायचा. दोन माणसांच्या धंद्यात हे कोण भरणार? मग रेपोतच फोल्डर करून टेक्स्ट फायली ठेवल्या. तिथे वेगळीच कटकट: ब्रँचवर बग बंद, मेनवर (मुख्य ब्रँचवर) तोच उघडा. खरं कुठलं? फॉसिल हे गिटसारखंच साधनही पाहिलं, एसक्यूलाइट डेटाबेसवाले स्वतः वापरतात ते. त्यात तिकिटं आणि विकी सगळं एकाच फाइलमध्ये, फार नेटकं. पण त्यासाठी गिट सोडायला जोडीदार तयार होईना.

गिट-बगमध्ये नोंद ब्रँचला बांधलेली नसते. दोघांनी ऑफलाइन एकाच बगवर लिहिलं तरी मर्ज कॉन्फ्लिक्ट येत नाही, कारण प्रत्येक बदल स्वतंत्र ऑपरेशन म्हणून साठतो आणि क्रम लॅम्पोर्ट घड्याळाने, म्हणजे खऱ्या वेळेऐवजी बदलागणिक वाढणाऱ्या आकड्याने ठरतो. सुरुवातीला मी हे ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. आता तेवढं कौतुक राहिलं नाही. हमाली-तोलाईच्या बेरजेत पैशांचा फरक यायचा, तो बग आम्ही बंद केला. पण जुन्या व्हर्जनवर बसलेल्या आडत्याकडे तो आहेच आणि नोंद म्हणते 'बंद'. टेक्स्ट फाइल त्या जुन्या व्हर्जनच्या ब्रँचवर होती तेव्हा हे आपोआप बरोबर दिसायचं.

हेही चालवून घेतलं असतं. डोकं फिरतं ते नंबरावर. बगला १२, १३ असा नंबर नाही, सात अक्षरांचा हॅश आहे, म्हणजे आपोआप बनलेली आकडे-अक्षरांची खूण. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या आवाजात फोनवर "बी... बी फॉर बटाटा... डी नाही रे, बी!" ग्राहक बाजूला उभा राहून ऐकतोय. आडत्याला तर हॅश सांगायचाच नाही, तो व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचा फोटो टाकतो आणि नोंद मलाच टाइप करावी लागते.

कारण कळतं. मधे ट्रॅकरचा सर्व्हर नाही, म्हणजे पुढचा नंबर वाटणाराच कोणी नाही. कळलं तरी राग जात नाही. मी शीर्षकापुढे स्वतःचे नंबर टाकायला लागलो, तर नेट नसलेल्या दिवशी दोघांनीही ४१ टाकला. आता सम नंबर माझे, विषम त्याचे. तिसरा माणूस ठेवायची वेळ आली की बघू.