जागेवर माती तपासून देणारी गाडी गावात आली तर

भूम तालुक्यात बालाघाटाच्या उतारावर आमच्या थोरल्या भावाची काजूची बाग आहे. जमीन मुरमाड, झाडं 7 बाय 7 मीटरवर, मधल्या पट्ट्यात खरिपाला सोयाबीन आणि ओल टिकली तर हरभरा. पावसाळा सरता सरता काजूची कोवळी पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. नेमकी तेव्हाच ‘फिरती माती प्रयोगशाळा’ अशी पाटी लावलेली गाडी गावात आली.

त्यातल्या माणसानं सोयाबीनच्या धसकटांजवळची दोन मुठी ओली माती उचलली, तिच्यात यंत्राचं टोक खुपसलं आणि दहा मिनिटांत बारा घटकांचा छापील कागद हातात दिला. सामू (म्हणजे pH, मातीचा आंबटपणा दाखवणारा आकडा) 6.1. “अण्णा, जमीन आंबट झालीय. काजूला चुना द्यावाच लागतो, कोकणात सगळे देतात.” मग ‘भूसुधारक’ म्हणून चुन्याची पोती आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं किट, मिळून 19,500 रुपये रोख घेतले. पावती म्हणून नुसत्या कोऱ्या कागदावर शिक्का मारला.

हा माणूस अर्धं खरं बोलला, म्हणून भाऊ फसला. कोकणात धो धो पावसानं जांभ्या जमिनीतला चुना वाहून जातो, ती आम्लधर्मी होते, तिथं चुना देतातच. आपल्याकडं पाऊस कमी, खडक काळा, आणि खणलं की चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. अशा जमिनीत आणखी चुना टाकणं म्हणजे झाडाचं लोह अडवणं. पोती विस्कटल्यावर नवी पालवी आणखी पिवळी निघाली, काही शेंडे तर पांढुरके पडले.

कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमनी आम्ही नेलेल्या मातीच्या ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले. सर्रकन फेस आला. “जिच्यात एवढा मोकळा चुना आहे, तिचा सामू सहा येईलच कसा?” प्रयोगशाळेतून सामू 8.2 आला. शेजारच्या कापसाच्या रानाचा त्याच गाडीनं दिलेला कागद काढून पाहिला, तर जस्ताचा आकडा आमच्याशी दशांशासकट जुळला.

जस्त, लोह मोजायचं तर माती आधी सावलीत वाळवतात, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात, डीटीपीए नावाच्या रसायनाच्या द्रावणात दोन तास हलवतात, गाळतात आणि मग मोठ्या यंत्रावर मोजतात. ओल्या मातीत टोक खुपसून दहा मिनिटांत हे आकडे निघत नाहीत. मृद आरोग्य पत्रिकेवर 2015 पासून बारा घटक असतात, हे लोकांना माहीत झालंय. म्हणून हेही बाराच छापतात.

नमुना घेण्यातही लबाडी होती. आंतरपीक असलेल्या बागेत झाडाखालची माती आणि पट्ट्यातली माती एक नसते. सोयाबीनला डीएपी हे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत पडतं, त्यामुळं पट्ट्यात स्फुरद जास्त निघालं. झाडाखाली पालापाचोळा कुजतो, तिथं सेंद्रिय कर्ब 0.71 टक्के, तर पट्ट्यात जेमतेम 0.38. दोन्ही मिसळली की जो आकडा येतो तो ना काजूच्या कामाचा, ना सोयाबीनच्या. झाडाच्या घेराच्या कडेखाली 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटरचे नमुने वेगळे घ्या, पट्ट्यातले वेगळे. बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची, नुकतंच खत दिलेली जागा सोडा. लोह, जस्त तपासायचं असेल तर गंजकं खोरं आणि लोखंडी घमेलं नको, प्लास्टिकची बादली घ्या.

तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं तक्रार दिली. पण त्यांनी पहिल्यांदा विक्रेत्याच्या परवान्याचा क्रमांक आणि पक्कं बिल मागितलं, आणि आमच्याकडं तो शिक्क्याचा कागद तेवढा होता. गाडीचा नंबर कुणीच टिपला नव्हता, दिलेला मोबाइल बंद. पैसे गेल्यापेक्षा मला जास्त लागतं ते हे की चार वर्षं जपलेल्या झाडांच्या मुळाशी तो चुना आता मुरलाय, तो काही वेचून काढता येत नाही. सध्या चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी आणि आळ्यात भरपूर कंपोस्ट, एवढंच चालू आहे.

ती गाडी आता वाशी, कळंबकडं फिरते असं पाहुण्यांनी सांगितलं. तुमच्याकडं आली तर गाडीचा आणि माणसाचा फोटो काढा, परवाना मागा, आणि तपासणारा नि विकणारा एकच असेल तर एक पोतंही उतरवून घेऊ नका.