५५ टनी ट्रेलर, वर्षभर वापरल्यावर: गाडी चांगली, पण लॅपटॉप डीलरच्या ताब्यात

गाडीचं नाव घेत नाही, कारण वॉरंटीच्या क्लेमचा वाद अजून मिटलेला नाही. ५५ टनी घोडा, म्हणजे ट्रॉली ओढणारी पुढची गाडी, तीनशेच्या आसपास हॉर्सपॉवर, धुराच्या बीएस-६ नियमाची, कंपनीची एसी केबिन, मागे तीन एक्सलची ट्रॉली. कळंबोली-तळोज्याहून पोलादाची कॉइल भरायची आणि सिन्नर, वाळूजला खाली करायची. बाकीचे आकडे या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहेत. ऍव्हरेज, टायर, क्लच, लायनर यांबद्दल तक्रार नाही. ज्या एका गोष्टीने माझं भाडं आणि झोप दोन्ही घालवली, तिच्यावरच लिहितोय.

एका संध्याकाळी डॅशबोर्डवर एमिशनचा दिवा लागला. लगेच डीलरला फोन केला. वर्कशॉपमध्ये जागा नाही, परवा आणा, असं उत्तर आलं. गाडी भरलेली, पार्टीचा, म्हणजे मालवाल्याचा, माणूस तासातासाला विचारतोय, म्हणून ड्रायव्हर निघाला. समृद्धीचा टोल वाचवायला आम्ही भरलेली गाडी जुन्या कसारा घाटानेच नेतो. घाट अर्धा चढला आणि गाडीने पिकअप सोडलं. इंजिनात बिघाड काहीच नाही. कॉम्प्युटरने ठरवलं की धूर मोजणारा सेन्सर नीट सांगत नाही, म्हणून टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, कापायचा. पहिल्या गिअरमध्येही गाडी ओढेना. मागे रांग लागली, हायवे पोलीस आले, शेवटी क्रेनने ओढून इगतपुरीला आणली.

तिथल्या इलेक्ट्रिशियनने सायलेन्सरजवळच्या सेन्सरचं कनेक्टर उघडलं. धूर साफ करायला या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी फवारलं जातं; त्याचेच पांढरे खडे पिनांवर जमले होते, मिठागरात बांधावर बसतात तसे. त्याने स्प्रे मारून पिना साफ केल्या, वायर सुकवली, कनेक्टर परत बसवलं. त्याच्या छोट्या स्कॅनरवर रीडिंग बरोबर यायला लागलं. पण टॉर्कची कात्री काही सुटेना. ती सोडवायला कंपनीचं सॉफ्टवेअर, डीलरचा लॅपटॉप आणि डीलरचा पासवर्ड लागतो. म्हणजे दुरुस्ती झालेली गाडी परत टोचन लावून डीलरकडे. टोचनचं बिल नव्या सेन्सरच्या किमतीपेक्षा जास्त झालं. वर वॉरंटी नाकारली: तुम्ही लोकल युरिया टाकता! सीलबंद बादल्यांची बिलं माझ्याकडे आहेत, ती टेबलावर ठेवली. त्यावर उत्तर आलेलं नाही. पार्टीने उशिराचे पैसे भाड्यातून कापले, ते वेगळेच.

तेव्हापासून मी एकच गोष्ट तपासत सुटलो. दुसऱ्या देशांत ट्रकवाल्याचं काय होतं?

माझा भाचा मेलबर्नला ट्रकच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. त्याच्याशी बोलताना आधी विषय निघाला ताकदीचा. आपल्याकडे २०१८ मध्ये कमाल वजन ४९ टनांवरून ५५ टन झालं, पण इंजिन राहिलं तीनशेच्या घरात. टनामागे साडेपाच हॉर्सपॉवर धरा. युरोपात पाच एक्सलचा ट्रेलर बहुतेक ठिकाणी ४० टनांवर थांबतो, लांबी साडेसोळा मीटर, आणि पुढे साडेचारशे-पाचशे हॉर्सपॉवरचा घोडा. अमेरिकेत इंटरस्टेटवर ८०,००० पौंड, म्हणजे ३६ टनांच्या थोडं वर. तिथेही टनामागे बाराच्या आसपास बसतात. ऑस्ट्रेलियात दोन ट्रॉल्यांचं बी-डबल साडेबासष्ट टनांचं, पण ओढणारं इंजिन साडेपाचशे-सहाशेचं. फिनलंडने तर २०१३ पासून ७६ टनांपर्यंत परवानगी दिली आहे, तीही नऊ एक्सलवर. हे आकडे बघून सुरुवातीला मला आपल्या गाड्यांचा रागच आला. पण आपल्याकडे ट्रकला ताशी ८० किलोमीटरवर वेग रोखणारा गव्हर्नर आहे, डिझेलचा खर्च भाड्यातला सगळ्यात मोठा घास आहे, आणि सहाशेच्या इंजिनाचा हप्ता सिन्नरच्या भाड्यात निघणार नाही. घाट सोडला तर तीनशेत माझं काम भागतं. ताकदीची तक्रार मी सोडून दिली.

लॅपटॉपची सोडणार नाही.

युरोपने यूरो-६ आणताना त्याच कायद्यात, म्हणजे २००९ च्या ५९५ क्रमांकाच्या नियमात, लिहून ठेवलं की दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे. धुराचा नियम आणि दुरुस्तीचा हक्क एकाच कागदावर. आपण बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये आणलं, धुराची मर्यादा जवळपास तीच घेतली, पण इगतपुरीच्या इलेक्ट्रिशियनच्या हातात काय पोचलं? अमेरिकेत आरपी-१२१० नावाचं एक स्टँडर्ड आहे, त्यामुळे एकच ऍडॉप्टर वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला चालतो. चार मेकच्या गाड्या असलेल्या मालकाला चार डबे घ्यावे लागत नाहीत. सॉफ्टवेअरचे पैसे मात्र भरावेच लागतात.

आणि टॉर्क कापण्याचा प्रकार अमेरिकेतल्या लोकांनाही असह्य झाला होता. युरियाच्या सिस्टिमचा फॉल्ट आला की गाडी काही तासांत ताशी ५ मैलांवर यायची. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, कंपन्यांना चालू गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलायला सांगितलं, म्हणजे फॉल्ट आल्यावर दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळेल. २०२७ च्या मॉडेलपासून तर अचानक ताकद जाणार नाही अशीच गाडी बनवायची आहे. ही एक सवलत आपल्याकडे आली तर भरलेली गाडी घाटात अडकणार नाही आणि मागच्या शंभर गाड्याही अडकणार नाहीत. सुरक्षेचा याहून साधा मुद्दा मला दिसत नाही.

भाच्याने मात्र माझा उत्साह थोडा खाली आणला. म्हणाला, “मामा, इथं तरी कुठं सगळं मोकळं आहे? दुरुस्तीच्या माहितीचा कायदा २०२२ ला आला, पण कार आणि हलक्या गाड्यांना. ट्रक बाहेरच ठेवलेत.” त्यांच्याकडे मजुरी तासावर लागते, आणि वाळवंटातल्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर पार्ट विमानाने मागवायची वेळ येते. त्यामानाने मला इगतपुरीत रात्री अकराला माणूस मिळाला आणि त्याने पाचशे रुपयांत फॉल्ट शोधला. आपल्याकडे हातात कसब आहे, ते वापरायची परवानगी कंपनी देत नाही. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कंपन्यांना नेमक्या याच कारणासाठी, सुटे भाग आणि डायग्नोस्टिक टूल अडवून ठेवल्याबद्दल, दंड केला होता. पण तो निकाल कारचा होता.

आता मत बदलायला लावणाऱ्या दोन गोष्टी.

पहिली, एसी. २०२५ मध्ये नव्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. माझ्या गाडीत ती होतीच. डिझेल खाणार म्हणून मी नाराज होतो. पण एप्रिल-मेमध्ये ड्रायव्हर दुपारीही गाडी चालवायला लागला, ढाब्यावर तीन तास झाडाखाली काढणं बंद झालं, आणि त्याने नोकरी सोडण्याची भाषा बंद केली. चांगला ड्रायव्हर टिकणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते ट्रकमालकच जाणतो.

दुसरी, धुळ्याजवळचा डीलर. शिरपूरहून परतीचं भाडं घेऊन येताना तोच दिवा पुन्हा लागला. या वर्कशॉपने त्याच रात्री व्हॅन पाठवली. पोराने रस्त्याच्या कडेलाच लॅपटॉप लावला, सेन्सर बदलला, वॉरंटीत टाकला. जुना सेन्सर पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हातात दिला आणि कनेक्टरला पाणी लागू नये म्हणून वर रबरी बूटही चढवला. कंपनी तीच, सॉफ्टवेअर तेच, वॉरंटीचं पुस्तकही तेच. तोवर मी ही कंपनीच नको म्हणत होतो. आता म्हणतो, गाडी घेताना ब्रोशर मिटवा आणि तुमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक वर्कशॉपला रात्री दहानंतर एकेक फोन लावून बघा. एमएएन या जर्मन कंपनीने २०१८ मध्ये भारतातला ट्रकचा धंदा आवरता घेतला तेव्हा त्यांच्या टिपरवाल्यांना हेच कळलं होतं. गाडी कितीही दणकट असली तरी मागे वर्कशॉप टिकलं पाहिजे.

दुसरा घोडा बुक करतोय, याच मॉडेलचा, धुळ्याच्या डीलरकडून. तीन अटी लेटरहेडवर मागितल्या आहेत: दिवा लागल्यावर किती तासांत माणूस येणार, फॉल्ट रस्त्यावरच रिसेट होणार का, आणि वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मिळणार का. पहिल्या दोन अटींवर सही झाली आहे. तिसरी त्यांनी हेड ऑफिसला पाठवली आहे, आणि तिचं उत्तर येईपर्यंत मी बुकिंगचा चेक दिलेला नाही.