भरती की मीटिंग? दारूसोबत मनाचा आजारही असेल तेव्हा

रोज पिणाऱ्या माणसाला नैराश्य, चिंता किंवा भासही असतील, तर घरच्यांपुढे साधारण दोन वाटा येतात: पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात भरती, नाहीतर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगा.

मीटिंगचं बळ मोठं आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही संघटना फी घेत नाही, आडनाव विचारत नाही. "मीही असाच होतो" हे तिथे ऐकायला मिळतं, आणि एकट्या पडलेल्या माणसाला त्याची फार गरज असते. पण तिथे निदान होत नाही, औषध मिळत नाही.

भरती इथेच उजवी ठरते. वर्षानुवर्षांची दारू एकदम तोडली की हात थरथरतात, घाम सुटतो, काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भिंतीवर किडे दिसू लागतात, आपण कुठे आहोत तेही कळत नाही. यात जीव जाऊ शकतो. हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढावेत. शिवाय दारूने आणलेली उदासी बहुधा दोन-चार आठवडे न पिता राहिल्यावर ओसरते. आधीपासूनची तशी जात नाही, तिला वेगळे उपचार लागतात. मात्र सगळ्याच केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ नसतात, तेवढं आधी विचारून घ्या.

माझं स्पष्ट मत: आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि भरती, मग मीटिंगा, त्याही कायम. तिथे कुणी नैराश्याच्या गोळ्या बंद करायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. आणि माणूस मरणाची भाषा बोलत असेल तर कशाचीच वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, त्याला एकटं सोडू नका.