व्हीएमवेअर की प्रॉक्समॉक्स: तीन होस्ट सांभाळणाऱ्याच्या नजरेतून

तीन-चार होस्ट (खरी सर्व्हर मशीन), त्यांवर चालणाऱ्या तीसेक व्हीएम (आभासी मशीन) आणि ते सांभाळायला एक-दोन माणसं, असा पसारा असेल तर पुढचं तुमच्या कामाचं आहे. मोठ्या डेटा सेंटरचं गणित वेगळं, त्यात मी पडत नाही. भोसरीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर मी आठ वर्षं व्हीएमवेअरवर चालवले आणि दीड वर्षापूर्वी प्रॉक्समॉक्सवर आणले. दोन्ही एका मशीनवर अनेक व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर. रोजच्या चालण्यात मला दोघांत फरक जाणवला नाही. ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांना तर सर्व्हर हलवल्याचं कळलंही नाही. फरक आहे तो सांभाळणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या कामात.

आधी लायसन्स, कारण बहुतेकांचा विचार तिथूनच सुरू होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली. आता वर्षाची वर्गणी भरायची, तीही कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणन करणाऱ्या भागांवर), आणि प्रत्येक प्रोसेसरला किमान १६ कोअर धरून. आमच्या प्रत्येक होस्टमध्ये आठ कोअरचे दोन प्रोसेसर. म्हणजे तीन होस्टचे खरे कोअर ४८, मोजणीत ९६. प्रॉक्समॉक्स सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) मोजतं, आमचे सहा झाले. तिथे फीचर सगळ्यांना सारखीच. पैसे जातात ते एंटरप्राइज रिपॉझिटरी (तपासून दिलेल्या अपडेटचं भांडार) आणि सपोर्टसाठी. वर्गणी नसेल तर लॉगिन केल्यावर एक सूचना दिसते, काम अडत नाही. तरी ज्यावर कारखाना चालतो तिथे मी वर्गणी घेतोच, तुम्हीही घ्यावी असं मला वाटतं. तुमचे सर्व्हर नवे, एकाच सॉकेटमध्ये बत्तीस कोअरचे असतील, तर १६ ची अट तुम्हाला बोचणार नाही. केवळ पैशापायी मीही हललो नसतो.

नेटवर्किंगमध्ये माझं मत थोडं व्हीएमवेअरकडे झुकतं. डिस्ट्रिब्युटेड स्विच, म्हणजे सगळ्या होस्टचा एकच आभासी स्विच, एकदा नीट बांधला की पोर्टग्रुप (व्हीएमच्या नेटवर्क जोडणीची मांडणी) सगळ्या होस्टवर सारखा राहतो. आमच्याकडे मात्र तो वरच्या एडिशनमध्ये होता आणि आमचं लायसन्स खालचं, त्यामुळे प्रत्येक होस्टवर साधा स्विच हातानेच जुळवायचो. प्रॉक्समॉक्समध्ये लिनक्सचा ब्रिज (आभासी स्विच) असतो. व्हीएलॅन अवेअरची (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्क चालवायची) खूण केली, खाली बाँड (एकत्र जोडलेले पोर्ट) दिला, झालं. ८.१ व्या आवृत्तीपासून एसडीएनही (सगळ्या होस्टचं नेटवर्क सॉफ्टवेअरने मांडायची सोय) मूळ सिस्टिमचाच भाग आहे, म्हणजे व्हीनेट (आभासी नेटवर्क) एकदाच लिहायचं. एक गोष्ट मात्र जपा. होस्टमध्ये नवं कार्ड बसवलं आणि नेटवर्क पोर्टचं नाव बदललं, ब्रिज जुन्याच नावाला धरून बसला, आणि मला कन्सोलसमोर उभं राहून फाइल दुरुस्त करावी लागली. ९ व्या आवृत्तीत नावं पक्की करायचं साधन आहे, ते पहिल्याच दिवशी वापरा. कोरोसिंकसाठी, म्हणजे होस्ट एकमेकांशी बोलतात त्या सेवेसाठी, वेगळी केबल द्या. दोनच होस्ट असतील तर तिसरं मत देणारं क्यूडिव्हाइस लावा, नाहीतर एक बंद पडला की दुसऱ्याचा कोरम (बहुमत) जातो आणि त्यावर नवी व्हीएम सुरू करता येत नाही.

आता ज्यावरून माझा निर्णय झाला ते सांगतो: लॉगमधली, म्हणजे सर्व्हरने घटना नोंदवलेल्या फाइलमधली, वेळ.

एका रात्री २:१० ला स्टोरेजकडे जाणारी वाट तुटली, चार व्हीएम अडकल्या. सकाळी मी स्विचचा लॉग काढला, फायरवॉलचा काढला, विंडोजच्या इव्हेंट पाहिल्या. सगळीकडे २:१०. ईएसएक्सआयच्या (होस्टवर चालणाऱ्या व्हीएमवेअरच्या सिस्टिमच्या) लॉगमध्ये त्या तारखेच्या दोन वाजता काहीच नाही. ईएसएक्सआय होस्टवर वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिते, आणि आपली रात्रीची २:१० तिथे आदल्या तारखेच्या २०:४० ला सापडते. साडेपाच तास तर वजा करायचेच, वर तारीखही मागे न्यायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण झोपेतून उठलेला माणूस व्हीएमकर्नल, होस्टडी आणि व्हीओबीडी अशा तीन फाइल उघडून प्रत्येक ओळीला हे गणित करतो, तेव्हा चूक होतेच. माझी झाली. मी अर्धा तास चुकीच्या तारखेत शोधत होतो. होस्ट एसडी कार्डवरून बूट होत होता, लॉगची कायमची जागा आम्ही ठरवून दिली नव्हती, त्यामुळे रीस्टार्ट केलेल्या होस्टचे आधीचे लॉग मेमरीबरोबर गेले. हा दोष सर्वस्वी आमच्या मांडणीचा.

यूटीसी चूक आहे असं मी म्हणणार नाही. अनेक देशांत पसरलेल्या कंपनीला तेच हवं असतं, आणि मध्यवर्ती लॉग सर्व्हर वेळ बदलून दाखवू शकतो. आम्हीही नंतर तो उभा केला. पण सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि नोंदवण्याजोगी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. त्या सहा तासांत काय आधी घडलं आणि काय नंतर, ते थेट होस्टवर वाचायची पाळी येतेच.

प्रॉक्समॉक्सच्या खाली डेबियन हे लिनक्स आहे. टाइमझोन कोलकात्याचा, घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीला एनआयसीचा (सरकारी माहिती केंद्राचा) टाइम सर्व्हर, आणि लॉग वाचायच्या जर्नलसीटीएल कमांडला ‘रात्री दोन ते अडीच’ सांगितलं की कर्नल, स्टोरेज, कोरोसिंक सगळं एकाच ओघात, आपल्या घड्याळाप्रमाणे समोर. कुठली व्हीएम कुणी केव्हा बंद केली ते टास्कच्या यादीत दिसतं. फक्त जर्नलवर १८० दिवसांचा भरवसा ठेवू नका, जागेची मर्यादा आली की तो जुन्या नोंदी पुसतो. डेबियन १२ पासून आरसिसलॉग (लॉग साठवणारा आणि पुढे पाठवणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही, तो बसवून लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा.

तुमच्याकडे आयस्कझी किंवा फायबर चॅनलने जोडलेलं सामायिक सॅन (सगळ्या होस्टचं एकत्र स्टोरेज) असेल, त्यावर स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) रोज लागत असतील आणि डीआरएसने भार आपोआप सरकवायची सवय असेल, तर घाई करू नका. तिथे व्हीएमएफएसची (व्हीएमवेअरच्या फाइल सिस्टिमची) सोय मोठी आहे. प्रॉक्समॉक्समध्ये सामायिक एलव्हीएमवर (लिनक्सच्या डिस्क-वाटणीवर) स्नॅपशॉट ९ व्या आवृत्तीत आले, तेही चाचणीच्या टप्प्यात. मला स्वतःला लोकल झेडएफएस (होस्टमधल्याच डिस्कवरची फाइल सिस्टिम) आणि प्रॉक्समॉक्सचा बॅकअप सर्व्हर एवढं पुरलं.

हलायचं ठरलंच तर आधी एक होस्ट रिकामा करा. ८.२ पासून ईएसएक्सआयवरून थेट आयात करायची सोय आहे. विंडोज व्हीएममध्ये व्हर्टआयओचे (आभासी डिस्क आणि नेटवर्क कार्डाचे) ड्रायव्हर हलवण्याआधीच बसवा, नाहीतर डिस्क व्हर्टआयओवर लावली की ती बूटच होणार नाही. पहिली व्हीएम एखादी बिनमहत्त्वाची निवडा आणि ती आल्यावर महिनाभर तिच्या होस्टचे लॉग रोज सकाळी वाचा.