वॉरंटी नाकारली: १९१५, नोटीस की ग्राहक आयोग? नागपूरकरांसाठी तुलना

"पीसीबी (सर्किट बोर्ड) उडालाय, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, वॉरंटीत बसत नाही." एसीचा इंजिनिअर एवढं बोलून निघून जातो आणि घरात ४४ अंशांचा मे महिना उरतो. मग सल्ले सुरू होतात. शेजारी सांगतात, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. ओळखीचे वकील म्हणतात, नोटीस धाडू. ऑफिसात कुणीतरी म्हणतं, सरळ ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, जा. तिन्ही औषधं खरी आहेत, पण आजार वेगवेगळे आहेत.

म्हणून आधी हे ठरवा: तुमच्या वाट्याला टाळाटाळ आली आहे की नकार? पार्ट मागवलाय, पुढच्या आठवड्यात येतो, इंजिनिअर सुट्टीवर आहे, तक्रार आपोआप 'क्लोज' झाली, ही टाळाटाळ. बिघाड वॉरंटीच्या अटीत बसत नाही अशी भूमिका कंपनीने घेतली असेल, तर तो नकार. टाळाटाळीवर हेल्पलाइन छान चालते. नकारावर ती फारशी चालत नाही, कारण कंपनी तेच उत्तर पुन्हा टाइप करून पाठवते.

आधी जॉबशीट, मग बाकी सगळं

तोंडी नकाराला कुठेही किंमत नाही. इंजिनिअर दारात असतानाच जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस रिपोर्टवर, नकाराचं कारण लिहून घ्या. नुसतं 'एक्स्टर्नल डॅमेज' पुरेसं नाही. कोणता पार्ट, काय दिसलं आणि काय मोजलं, या तीन गोष्टी हव्यात. तो लिहायला तयार नसेल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा: "आज तुमच्या इंजिनिअरने अमुक कारण सांगून वॉरंटी नाकारली. चूक असल्यास सात दिवसांत लेखी कळवा." उत्तर आलं नाही, तरी तुमचा कागद तयार झालाच.

झाकण उघडण्याआधीपासून मोबाइलवर व्हिडिओ सुरू ठेवा. मशीनवरच्या पट्टीचा, सिरियल नंबर वाचता येईल असा, एक फोटो काढा. आणि ओळखीच्या मेकॅनिककडून मशीन उघडून घेण्याचा मोह टाळा. एक स्क्रू फिरला की 'अनधिकृत दुरुस्ती' हे दुसरं कारण कंपनीच्या हाती आयतं पडतं. बाहेरच्या माणसाकडून फक्त बाहेरून मोजता येईल तेवढंच मोजून घ्या: सॉकेटवरचं व्होल्टेज, अर्थिंग, क्लॅम्प मीटरने करंट.

'व्होल्टेज' हे कारण किती टिकतं?

नागपुरात एसी, फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या नकारांत हे कारण फार वापरलं जातं, म्हणून इथे जरा थांबू. बहुतेक इन्व्हर्टर एसीच्या बोर्डावर वीज शिरते तिथे एक फ्यूज आणि नाण्यासारखी गोल, बहुधा निळी, चकती असते. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. व्होल्टेज अचानक खूप वर गेलं की ही चकती स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडतो आणि पुढचा बोर्ड वाचावा अशी ती योजना असते. त्यामुळे व्होल्टेजचा तडाखा बसला असेल तर चकती फुटलेली किंवा काळवंडलेली दिसण्याची शक्यता बरीच असते. चकती आणि फ्यूज दोन्ही शाबूत आहेत, पण कंप्रेसर चालवणारं पॉवर मॉड्यूल जळलंय किंवा कपॅसिटर फुगलाय, असं दिसलं तर कारण दुसरंही असू शकतं: सुट्या भागातला दोष, कच्चं सोल्डरिंग, किंवा उष्णता बाहेर न पडणं. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण "व्हॅरिस्टर आणि फ्यूजची स्थिती जॉबशीटवर लिहा" ही मागणी केली की संभाषणाचा सूर बदलतो. बोर्डाचा जवळून, दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. बाहेरच्या युनिटमध्ये पाल शिरून बोर्ड शॉर्ट होणं हाही नेहमीचा प्रकार आहे. बोर्डावर मेलेली पाल चिकटलेली असेल तर मात्र भांडणात दम नाही. किडे, उंदीर, पाल यांमुळे झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटी कार्डांत वगळलेलं असतं.

पुरवठ्याची बाजूही कागदावर आणा. महावितरणकडे १९१२ वर किंवा उपविभाग कार्यालयात लेखी तक्रार देऊन व्होल्टेज तपासून मागा. पुरवठा ठीक असल्याचा शेरा मिळाला तर तो कंपनीच्या दाव्याविरुद्ध वापरता येतो. पुरवठाच खराब निघाला, तर भांडण कंपनीशी आहे की महावितरणशी, हे तरी कळतं. स्वतः मल्टिमीटरने सकाळी, दुपारी चार वाजता आणि रात्री अकराला मोजून तारीख-वेळेसह वहीत लिहिलेले आकडेही उपयोगी पडतात. घरात स्टॅबिलायझर असेल तर त्याचं बिल शोधून ठेवा. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' अशी जाहिरात करून विकलेला एसी व्होल्टेजचं कारण देऊन नाकारला जात असेल, तर डब्यावरच्या त्या स्टिकरचा फोटो हा तुमचा सगळ्यात भारी पुरावा.

गरमीबद्दलही एक गोष्ट. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. एसीची क्षमता साधारणपणे बाहेर ३५ अंश धरून मोजतात. तो किती अंशांपर्यंत चालेल, हा आकडा वेगळा असतो आणि तो माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. "इथल्या उन्हात असंच होतं" असं कुणी म्हटलं की ते पान उघडून समोर धरा.

पाणी, गॅस आणि 'दहा वर्षं'

गीझर आणि वॉशिंग मशीनच्या बाबतीत खाऱ्या किंवा जड पाण्याचं कारण पुढे येतं. बेसा-मनीषनगरकडच्या बोअरिंगवर चालणाऱ्या घरांत ते खरंही असू शकतं. हीटर कॉइलवर जमलेला पांढरा थर लपत नाही. पण तुमच्याकडे महापालिकेचं, म्हणजे पेंच किंवा कन्हानचं पाणी येत असेल, तर पाणीबिलाची प्रत जोडा आणि इंजिनिअरने पाण्याचं मोजमाप केलं का ते विचारा. आकडा न लिहिता 'हार्ड वॉटर' लिहिणं म्हणजे अंदाज.

'कंप्रेसरवर दहा वर्षं' ही मात्र फसवणूक नसून बहुतेकदा न वाचलेली अट असते. कंप्रेसर फुकट मिळतो, पण गॅस भरणं, मजुरी आणि वाहतूक यांचे पैसे लागू शकतात. कॉइल, गॅस आणि पीसीबी यांची मुदत वेगळी असते. कार्डात तसं स्पष्ट लिहिलं असेल तर आयोगातही फार काही हाती लागत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर ती कोणत्या कंपनीच्या नावावर आहे तेही पाहा. दुकानदार जे विकतो ते पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीचं असतं आणि प्रतिवादी तीच कंपनी ठरते.

आता तुलना

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन, पोर्टल, ॲप किंवा व्हॉट्सॲपवरून मराठीत तक्रार देता येते, खर्च शून्य. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. मोठ्या ब्रँडच्या मुख्यालयात या तक्रारी पाहणारी वेगळी माणसं असतात. त्यामुळे फ्रँचायझी सर्व्हिस सेंटरमध्ये अडकलेला पार्ट अचानक सापडतो. तक्रार लिहिताना कहाणी नको. बिलाची तारीख, सिरियल नंबर, जॉबशीटचे क्रमांक आणि नेमकी मागणी, एवढं दहा ओळींत द्या. वॉरंटी लागू नाही असं उत्तर देऊन कंपनीने तक्रार बंद करून घेतली, तर ते उत्तर जपून ठेवा. जो लेखी नकार सर्व्हिस सेंटर देत नव्हतं, तो इथे फुकटात मिळतो.

वकिलाची नोटीस ही मधली पायरी. ग्राहक आयोगात जाण्याआधी ती पाठवणं कायद्याने बंधनकारक नाही. तीच नोटीस तुम्ही स्वतः साध्या मराठीत लिहून, १५ दिवसांची मुदत देऊन, पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवू शकता. वस्तू पंधरा-वीस हजारांची असेल तर निव्वळ नोटिशीसाठी पैसे घालवू नयेत, असं आमचं मत आहे. पुढे प्रकरणही वकिलांनाच चालवायचं असेल तर गोष्ट वेगळी. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. ही सोय फार कमी लोक वापरतात.

जिल्हा ग्राहक आयोग (जुन्या बोलीत ग्राहक मंच) हा खरा दात असलेला मार्ग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात नागपूरकरांच्या दृष्टीने मोठा बदल आला: तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते. कंपनी गुरुग्रामची असो, खरेदी ऑनलाइन असो, प्रकरण नागपुरातच चालेल. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि ती मोजतात ती वस्तूसाठी दिलेल्या किमतीवर. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. म्हणजे घरातल्या जवळपास प्रत्येक यंत्रासाठी शून्य. वकील सक्तीचा नाही. १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. हे ४५ दिवस ओलांडता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल अपेक्षित धरतो. व्यवहारात वर्ष-दीड वर्ष धरूनच चाला, जास्तही लागू शकतं.

बऱ्याच तक्रारी मागणीच्या परिच्छेदात कच्च्या राहतात. क्रम असा ठेवा: मोफत दुरुस्ती, ती शक्य नसेल तर नवी वस्तू, तीही नसेल तर व्याजासह रक्कम परत, शिवाय त्रासाची भरपाई आणि खर्च. ४० हजारांच्या एसीसाठी पाच लाखांची भरपाई मागितली की तक्रारीचं वजन घटतं. उत्पादक, दुकानदार आणि सर्व्हिस सेंटर तिघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. व्हॉट्सॲपवरचे संदेश जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत द्या. आणि बिल पक्कं हवं. सिरियल नंबर नसलेल्या कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला लोखंडी कूलर असेल तर लढाई सुरुवातीलाच अवघड होते. तिथे मोटर आणि पंपाच्या डब्यातलं स्वतंत्र वॉरंटी कार्ड शोधणं जास्त शहाणपणाचं.

मे महिन्यात काय करायचं?

आयोग न्याय देईल, गारवा देणार नाही. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर निकालापर्यंत थांबता येत नाही. अशा वेळी कंपनीच्याच अधिकृत सेंटरकडून पैसे देऊन दुरुस्ती करून घ्या, पण बिलाच्या तुमच्या आणि त्यांच्या, दोन्ही प्रतींवर "हक्क राखून, निषेधासह रक्कम दिली" असं लिहून सही करा आणि त्याच दिवशी तसा ईमेलही करा. जुना पार्ट परत मागून घ्या. तुम्ही पैसे मोजले आहेत, तो तुमचा आहे. तो पिशवीत घालून, तारखेची चिठ्ठी लावून ठेवा, कारण पुढे पैसे परत मागताना तोच पुरावा. पार्ट सेंटरमध्येच राहिला तर तुमच्या हाती फक्त कंपनीचा शब्द उरतो.

रकमेचा हिशेबही रोखठोक करा. भांडण हजार-दीड हजाराच्या गॅसचं असेल तर १९१५ आणि एक कडक ईमेल यापुढे जाऊ नका. आठ-दहा हजारांचा बोर्ड असेल तर १९१५ वर तीन आठवडे द्या, मग आयोग. फ्रिज किंवा एसी पूर्ण निकामी असेल आणि लेखी नकार हातात असेल, तर १९१५ वर नोंद करून लगेच तक्रारीचा मसुदा करायला घ्या. मुदत दोन वर्षांची आहे, ती वादाचं कारण घडल्यापासून, म्हणजे साधारणपणे नकारापासून मोजतात आणि नुसत्या पत्रव्यवहाराने ती लांबत नाही. "बघतो, बघतो" म्हणत कंपनीने वीस महिने काढले, तर ते वीस महिने तुमच्या खात्यातून जातात.

मधेच तडजोडीचा फोन येतो: पार्टवर निम्मी सूट, गॅस फुकट. वस्तू जुनी असेल आणि वॉरंटीचे दोन-चारच महिने उरले असतील तर घ्यायला हरकत नाही. वस्तू वर्षाच्या आतली असेल तर घाई नको. 'घसारा कापून' नवी वस्तू देऊ असं म्हटलं तर घसाऱ्याची अट कार्डात कुठे आहे ते विचारा. आणि 'पूर्ण व अंतिम समाधान' या कागदावर सही करायची ती मशीन पंधरा दिवस नीट चालल्यावर.

निकाल लागूनही कंपनी हलली नाही तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. आदेश न पाळल्यास ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कंपनी अपिलात गेली तर त्यासाठी तिला ४५ दिवस असतात आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील राज्य आयोगाकडे जातं. त्याचं परिक्रमा खंडपीठ नागपुरातच बसतं, तेव्हा मुंबईच्या तिकिटाचा खर्च हिशेबात धरू नका.